गुणपत्रिकेबाहेरची मुले आणि त्यांचे शिक्षक

वसंत ऋतू आपल्या गावांतून दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक व्याख्यानांसाठी आणि दुसरी परीक्षांसाठी. परीक्षा आटोपतात, निकाल लागतात, आणि घरोघर गुणांची चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के पडले, कोणाचे गणित कच्चे राहिले, कोणी कोणत्या शाखेकडे जावे, या गप्पांत शेजारीपाजारीही मोकळेपणाने भाग घेतात. पण त्याच आळीत एखादे घर असे असते की, त्या घरातील मुलाच्या गुणांची चौकशी कोणीच करीत नाही. यात आपला हेतू वाईट नसतो. त्या आईबापांना अवघडल्यासारखे होऊ नये एवढेच आपल्या मनात असते. मात्र या सौजन्याच्या पोटी एक गृहीतक दडलेले आहे. त्या मुलाबद्दल विचारण्यासारखे काही नाही, ते मोजावे असे काही शिकतच नाही, हे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते.

हे गृहीतक तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. तीव्र स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची परीक्षा घेता येते काय, घ्यावयाची तर ती कशी घ्यावी, आणि ती घेणाऱ्या शिक्षकाला कोणते साहाय्य लागते, असे तीन प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतले आहेत. अमेरिकेतील राज्यांनी गेली तीसएक वर्षे या कामी पुष्कळ खटपट केली, चुका केल्या आणि त्या दुरुस्तही केल्या. त्यामुळे या लेखातील बहुतेक उदाहरणे तेथील आहेत. आपल्या घरचा विचार शेवटी करू.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. पूर्वी आपण 'मतिमंद' म्हणत असू. अमेरिकेने २०१० साली कायदा करून आपल्या संघीय कायद्यांतील तशाच अर्थाचा शब्द काढून टाकला, आणि आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही 'बौद्धिक अक्षमता' हीच संज्ञा स्वीकारली. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे ती मुले अभ्यासात थोडी मागे पडणारी मुले नव्हेत. शिकण्यात आणि रोजच्या व्यवहारात, दोन्हीकडे ज्यांना मोठ्या व सततच्या आधाराची गरज असते, अशी ही मुले. काही बोलतात, काही मोजक्या खुणा करतात, आणि थोडी अशीही असतात की, त्यांचे होय कोणते व नाही कोणते हेच ओळखावयाला शिक्षकाला काही महिने लागतात.

बुद्धी मोजली, पण पुढे काय?

अशा मुलांची मोजमापे पूर्वी होतच नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची श्रेणी प्रसिद्ध केली. शाळेत ज्यांना खास मदत लागेल अशी मुले ओळखता यावीत, हा त्यांचा हेतू होता. पुढे ही चाचणी देशोदेशी गेली. आपल्याकडे डॉ. व. वि. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बेतून घेतली, आणि 'बिने-कामत चाचणी' हे नाव मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे.

या चाचणीतून एक आकडा मिळतो. मूल इतरांच्या तुलनेत कोठे आहे हे त्या आकड्यावरून समजते. पण सोमवारी सकाळी दहा वाजता वर्गात त्या मुलासमोर बसल्यावर काय करावे, हे त्या आकड्यावरून शिक्षकाला कळत नाही. तापमापकाने ताप किती हे समजते, औषध कोणते ते समजत नाही. तशातलाच हा प्रकार. आणि गंमत अशी की, हा आकडा जितका लहान, तितकी शिकविण्याची जबाबदारी वाढावयाची. प्रत्यक्षात मात्र ती संपली असे समजण्याची प्रथा पडली.

त्या प्रथेचे परिणाम थोडेथोडके नव्हते. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा संमत झाला, तेव्हा त्या देशाच्या काँग्रेसने आपल्याच कायद्यात नमूद केले की, दहा लाख अपंग मुले सार्वजनिक शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत. त्या कायद्याने प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडले आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा करणे शाळेवर बंधनकारक केले. मूल शाळेत आले खरे, परंतु शाळेच्या हिशेबात आले नाही. राज्याच्या वार्षिक परीक्षांतून त्याला वगळण्यात येई. सरासरी काढताना ते नसे, अहवालात ते नसे. आणि ज्याचा हिशेब द्यावयाचा नसतो, त्याच्या वाट्याला चांगला शिक्षक, चांगले पुस्तक आणि पुरेसा वेळ शेवटीच येतो, हा व्यवहार सर्व देशांत सारखाच आहे.

१९९७ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग विद्यार्थ्यांनाही राज्याच्या परीक्षांत सामावून घ्यावे, आणि ज्यांना नेहमीची परीक्षा सवलती देऊनही देता येणार नाही त्यांच्यासाठी १ जुलै २००० पर्यंत प्रत्येक राज्याने पर्यायी मूल्यमापनाची व्यवस्था उभी करावी, असा दंडक घालण्यात आला. पुढे २००१ च्या शिक्षण कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी आणि वरच्या शाळेत एकदा वाचन व गणित या विषयांची परीक्षा सर्वांसाठी ठरविली. या 'सर्वांत' ही मुलेही आली.

केंटकीच्या वह्या

परंतु परीक्षा घ्या असे सांगणे सोपे, ती घेणे अवघड. या बाबतीत पहिले पाऊल केंटकी राज्याने टाकले. तेथे १९९० साली शिक्षणाची सारी व्यवस्था नव्याने बांधण्यात आली, आणि एकही मूल हिशेबाबाहेर ठेवावयाचे नाही असे ठरल्यामुळे, देशाचा कायदा होण्यापूर्वीच १९९२-९३ पासून या मुलांसाठी निराळी पद्धत सुरू झाली. ती अशी की, प्रत्येक मुलाच्या नावाने शिक्षकाने वर्षभर एक संग्रह ठेवावयाचा. मूल कोणत्या मार्गाने संवाद करते, त्याचे दिवसाचे वेळापत्रक काय, त्याने केलेले काम, छायाचित्रे, प्रगतीचे तक्ते, पालकांचे पत्र, हे सर्व त्यात यावयाचे. नंतर प्रशिक्षित परीक्षकांनी तो संग्रह तपासून त्याला श्रेणी द्यावयाची.

या पद्धतीचे गुण मोठे होते. प्रथमच कोणी विचारू लागले की, या मुलाजवळ स्वतःचे म्हणणे मांडण्याचे काही साधन आहे काय? त्याला दिवसातून निवड करण्याची संधी कितीदा मिळते? ते बरोबरीच्या मुलांत मिसळते काय? पुष्कळ शिक्षकांनी मान्य केले की, या संग्रहामुळे आपण मुलाकडे अधिक बारकाईने पाहू लागलो. पण त्याच शिक्षकांची मते अजमावली तेव्हा एक तक्रार पुन्हा पुन्हा पुढे आली, ती वेळेची. कागद जमवणे, छायाचित्रे चिकटवणे, तक्ते नीटनेटके करणे यांत शिकवण्याचे तास खर्ची पडत, आणि उरलेले काम रात्री घरी नेऊन पुरे करावे लागे.

याहून खोल अडचण निराळीच होती. संग्रह मुलाचा असला तरी तो रचणारा शिक्षक होता. ज्याला कागदपत्र मांडण्याची हातोटी, त्याच्या विद्यार्थ्याला वरची श्रेणी. ज्याला ती नाही, त्याचे मूल तेवढेच शिकले असूनही खाली. मग ही परीक्षा मुलाची म्हणावी की शिक्षकाच्या टापटिपीची? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि त्यामुळेच अनेक राज्ये हळूहळू या पद्धतीपासून दूर गेली.

पायऱ्यांची परीक्षा

नंतर जे प्रयत्न झाले त्यांपैकी एकाचे थोडे वर्णन करतो. कॅन्सस विद्यापीठात तयार झालेली आणि २०१४-१५ पासून अनेक राज्यांत वापरात आलेली ही पद्धत आहे. तिचे इंग्रजी नाव 'डायनॅमिक लर्निंग मॅप्स', म्हणजे शिकण्याचे बदलते नकाशे असे म्हणता येईल. कल्पना अशी की, कोणतेही ज्ञान एकदम येत नाही. त्याच्या अलीकडे अनेक लहान लहान मुक्काम असतात. त्या मुक्कामांचा नकाशा काढावा आणि मूल आज कोठे पोचले आहे ते त्यावर पाहावे.

उदाहरणादाखल गुणाकार घ्या. सामान्य तिसरीचा विद्यार्थी चार त्रिक बारा म्हणतो. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे तीन-तीन वस्तूंचे चार ढीग एकामागून एक मिळवून बारा मोजणे. त्याच्या अलीकडे, दोन ढीग एकत्र केले की वस्तू वाढतात हे समजणे. त्याहीपूर्वी, सारख्या वस्तूंचा एक ढीग करणे. आणि अगदी मुळाशी, ही वस्तू वेगळी व ती वेगळी एवढे लक्षात येणे. जे मूल शेवटच्या पायरीवर आहे ते गुणाकाराच्या रस्त्यावरच आहे. फक्त त्याला पुष्कळ चालावयाचे आहे. या पद्धतीत प्रत्येक घटकासाठी साधारणपणे अशा पाच पायऱ्या धरलेल्या असतात.

परीक्षेपूर्वी शिक्षक एक प्रश्नावली भरतो. मूल ऐकते-पाहते कसे, हात कितपत चालतात, आपले म्हणणे कसे सांगते, काय वाचता-मोजता येते, याची माहिती तीत असते, आणि तिच्यावरून आरंभीची पायरी ठरते. मग प्रश्नांचे छोटे छोटे गट येतात. एका गटात तीन ते नऊच प्रश्न. प्रश्नांपूर्वी मुलाचे मन वेधणारी एखादी गोष्ट किंवा कृती असते. वरच्या पायऱ्यांवर मूल स्वतः संगणकावर उत्तर देते. खालच्या पायऱ्यांवर शिक्षक प्रत्यक्ष वस्तू समोर मांडतो व मुलाने काय केले ते नोंदवतो. कोणी बोटाने दाखवावे, कोणी नजरेने, कोणी कळ दाबून. निकालात शेकडा गुण नसतात. मुलाने कोणत्या घटकात कोणती पायरी गाठली, त्याचा तक्ता पालकांच्या हाती येतो. कल्पना करा, ज्या घरात गुणपत्रिका कधी आलीच नव्हती, तेथे एक कागद येतो आणि त्यावर लिहिलेले असते की, आपली मुलगी दोन ढिगांतील अधिक कोणता ते ओळखते.

मदत कोठे संपते?

ही व्यवस्था कागदावर चांगली दिसते. पण ती चालवणारा अखेर शिक्षकच, आणि येथेच खरी कसोटी आहे. नेहमीच्या परीक्षेत परीक्षकाने मदत करावयाची नसते, एवढे सांगितले की भागते. या मुलांना मात्र मदतीवाचून पुस्तकाचे पानही उलटता येत नाही. मग मदत किती करावी? मुलाचा हात धरून तो बरोबर चित्रावर ठेवला, तर उत्तर कोणाचे? तीन पर्यायांपैकी एक काढून घेतला, तर प्रश्न तोच राहिला काय? शिक्षक प्रश्न विचारून नकळत बरोबर चित्राकडे पाहतो, आणि वर्षभर त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याची सवय झालेले मूल तिकडेच बोट नेते. यात लबाडी कोणाचीच नाही, पण आपल्याला समजले काहीच नाही.

म्हणून मदतीचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पुस्तक टेकवून धरणे, चित्रे मुलाच्या नजरेच्या टप्प्यात आणणे, उत्तरासाठी भरपूर वेळ देणे, ही वाट मोकळी करणारी मदत. हात उत्तरावर नेणे, पर्याय कमी करणे, चुकताच तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर बदलवून घेणे, ही उत्तर देणारी मदत. पहिली परीक्षेत चालते, दुसरी चालत नाही.

शिकवताना दुसरी मदतही लागते. मात्र ती पायरीपायरीने द्यावी आणि पायरीपायरीने काढून घ्यावी. आधी मुलाला स्वतः करू द्यावे व थांबावे. जमले नाही तर तोंडी सूचना, मग खूण, मग करून दाखवणे, आणि सर्वांत शेवटी हात धरून करवणे. दरवेळी कोणत्या पायरीवर काम झाले ते लिहून ठेवले की, पंधरा दिवसांनी त्या नोंदी बोलू लागतात. नोंदींत मुळीच हालचाल नसेल तर काम फार मोठे घेतले आहे. त्याचे लहान तुकडे करावेत. प्रगती होती पण मूल खुणेची वाट पाहत थांबते असे दिसले, तर मदत काढून घेण्यास उशीर झाला आहे. काल आठ वेळा बरोबर आणि आज दोनदाच असे झाले, तर मुलाला ते येते. त्याला गोडी उरलेली नाही किंवा त्याची प्रकृती बरी नाही. आणि सलग बरोबर येत असेल, तर त्याच कामाला कंटाळा येईपर्यंत चिकटून न राहता पुढचे घ्यावे. एवढा निर्णय ज्या नोंदींवरून करता येतो त्या नोंदी उपयोगाच्या. बाकीच्या केवळ कपाट भरतात.

पाहणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी लागते. एकच काम दहा लहान कृतींत मांडावे, आणि दोन शिक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न पाहता नोंद करावी. दहांपैकी आठ ठिकाणी दोघांचे जुळले तर एकमत शेकडा ऐंशी. पाचच ठिकाणी जुळले तर दोष मुलाकडे शोधू नये. 'स्वतः केले' याचा अर्थ दोघांनी निराळा घेतला आहे, तो आधी एक करावा. ही युक्ती साधी आहे, तिला पैसा लागत नाही, पण दुसरा माणूस लागतो.

शिक्षकाला काय हवे?

तो दुसरा माणूसच बहुधा नसतो. सामान्य शाळेत चौथीला दोन तुकड्या असतील तर दोन शिक्षक आपसांत बोलून घेतात. तीव्र अक्षमतेच्या मुलांचा शिक्षक पुष्कळदा आपल्या शाळेत एकटाच असतो. त्याच्या वर्गात निरनिराळ्या वयांची मुले, प्रत्येकाचा आराखडा निराळा. आणि मुख्याध्यापकांना त्याच्या कामाबद्दल आदर असला तरी त्यातले बारकावे माहीत नसतात. अशा माणसाच्या हाती नवी परीक्षा द्यावयाची आणि निकालाची तारीख कळवावयाची, याला साहाय्य म्हणता येणार नाही.

साहाय्याचे स्वरूप अनुभवाने बरेच स्पष्ट झाले आहे. पहिले प्रशिक्षण. वर वर्णिलेल्या पद्धतीत दरवर्षी विहित प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून शिक्षकाला परीक्षा घेता येत नाही, आणि हे योग्यच आहे. पण एका दिवसाच्या शिबिराने हात बसत नाही; वर्गात येऊन, शेजारी बसून पाहणारा अनुभवी सहकारी वर्षातून काही वेळा तरी मिळाला पाहिजे. दुसरे, तयार साहित्य. पाचवीचा धडा सोप्या वाक्यांत, चित्रांसह, जाड पानांवर उतरवणे हे काम प्रत्येक शिक्षकाने रात्री जागून एकेकट्याने करण्याचे कारण नाही. एकाने केलेले शंभरांना पुरते. तिसरे, विषयाच्या शिक्षकाची जोड. विशेष शिक्षकाला मूल कळते, विज्ञानाच्या शिक्षकाला विज्ञान कळते. या धड्यात मुख्य गोष्ट कोणती हे दोघांनी बसून ठरवले तरच मुलासमोर धड्याचे सार येते. चौथे, वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ. नोंदी पाहून विचार करणे हे शिकवण्याचेच काम आहे, ते फावल्या वेळचे नव्हे. आणि पाचवे, संवादाची साधने. चित्रांचा तक्ता, आवाज देणारी कळ, डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र, यांपैकी जे जुळेल ते. ज्या मुलाजवळ उत्तर देण्याचा मार्गच नाही त्याला शून्य गुण देणे म्हणजे पाटी-पेन्सिल न देता लेखी परीक्षा घेण्यासारखे आहे.

या सर्वांत घरचा वाटा निराळाच. आई जेव्हा सांगते की, तो नाही म्हणताना डावा खांदा उचलतो, तेव्हा ती सहा महिन्यांचे निरीक्षण एका वाक्यात शिक्षकाच्या हवाली करीत असते.

दोन आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारी माणसे मुलांवर प्रेम करणारी आहेत म्हणून त्याचा आदराने विचार केला पाहिजे. ज्या मुलाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, त्याला ढीग मोजावयास लावून काय साधणार? त्याला जेवावयास, कपडे घालावयास, रस्ता ओलांडावयास शिकवा. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. अमेरिकेतही १९७० नंतरच्या काळात जीवनोपयोगी कौशल्यांवर भर आला, तो याच विचाराने. त्यापूर्वी सोळा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय तीन मानून त्याला बालवाडीची खेळणी देत असत. त्या मानाने ही फार मोठी सुधारणा होती. ती कौशल्ये शिकवणे कोणीही बंद करू नये.

परंतु येथे निवड एकाचीच करावयाची आहे असे नाही. जेवणाच्या वेळी चार ताटे व चार वाट्या मांडणे हे जीवनोपयोगीही आहे आणि गणितही आहे. शिवाय ज्यांना काही येणार नाही असे आपण म्हणत होतो, त्यांना ते कधी शिकवलेच गेले नव्हते, असे पुष्कळदा आढळले. नॉर्थ कॅरोलिनातील डायन ब्राऊडर आणि त्यांचे सहकारी यांनी या मुलांच्या वाचनाविषयीचे जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेक काही ठरावीक शब्द पाहून ओळखण्यापुरतेच असल्याचे दिसून आले. अर्थ समजून घेणे, अक्षर व ध्वनी जोडणे, हे फारसे कोणी शिकवून पाहिलेच नव्हते. पेरले नाही तेथे उगवले नाही, यात जमिनीचा दोष काय?

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. सोपी परीक्षा निघाली की शाळा अभ्यासात कच्ची असलेली, पण नेहमीच्या परीक्षेस बसू शकणारी मुले तिकडे ढकलतील. ही भीती निराधार नाही. तसे केल्याने शाळेचा निकाल सुधारतो आणि मुलाची मात्र पुढची वाट अरुंद होते. म्हणून २००३ साली नियम झाला की, पर्यायी परीक्षेत उत्तीर्ण म्हणून ज्यांची गणना करावयाची ती मुले परीक्षेस बसलेल्या एकूण मुलांच्या शेकडा एकाहून अधिक असू नयेत. आणि २०१५ च्या कायद्याने पर्यायी परीक्षेस बसणाऱ्यांच्या संख्येलाच राज्यापुरती तीच मर्यादा घातली. मूल कोणत्या परीक्षेस बसेल हे आराखडा करणाऱ्या मंडळाने, म्हणजे शिक्षक व पालक यांनी मिळून ठरवावयाचे. केवळ अपंगत्वाच्या नावावरून वा बुद्ध्यंकावरून ते ठरवावयाचे नाही, आणि पुढे शालान्त प्रमाणपत्रावर याचा काय परिणाम होईल हे पालकांना आधी सांगितले पाहिजे. हा निर्णय करताना शिक्षकाला वरिष्ठांच्या कलाने न जाता खरे सांगण्याची मोकळीक असणे, हेही साहाय्यच होय.

चुकायचेच असेल तर

या साऱ्याच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. अ‍ॅन डॉनेलन या विदुषींनी ते १९८४ साली मांडले. ज्या मुलाविषयी आपल्याजवळ निश्चित पुरावा नाही, त्याच्याबाबत असे गृहीत धरावे की, ते चुकीचे ठरले तरी मुलाचे नुकसान कमीत कमी व्हावे. मूल समजू शकते असे धरून आपण त्याला गोष्ट वाचून दाखवली, आणि त्याला काहीच समजत नव्हते असे पुढे ठरले, तर काय गेले? काही तास. उलट, त्याला समजत नाही असे धरून आपण दहा वर्षे त्याच्याशी बोललोच नाही, आणि नंतर कळले की ते सगळे ऐकत होते, तर? त्या दहा वर्षांची भरपाई कोणत्याही शाळेला करून देता येणार नाही.

आता घरचा विचार. आपल्याकडे हे क्षेत्र ओसाड नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, ती एका आईबापांना आपल्या मुलीसाठी शाळा सापडली नाही म्हणून. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' उभी राहिली. मद्रासकडे तयार झालेली एक मूल्यमापन-पद्धत देशातील विशेष शाळांतून वापरात आली. तीत जेवण, पेहराव, संवाद, अंक, पैसा, वेळ अशा १८ क्षेत्रांतील प्रत्येकी २०, म्हणजे एकूण ३६० कृती क्रमाने मांडलेल्या आहेत, आणि मुलाला काय येत नाही याऐवजी काय येते या भाषेत त्या लिहिलेल्या आहेत. २०१६ च्या कायद्याने अभ्यासक्रम व परीक्षापद्धती यांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी योग्य ते बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. महाराष्ट्रात शासन, सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था आणि जय वकील प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विशेष शाळांसाठी 'दिशा' हा उपक्रम चालू झाला. त्यात मूल्यमापन, अभ्यासक्रम व शिक्षकांचे प्रशिक्षण ही तिन्ही अंगे जोडलेली आहेत. मूल्यमापन एकीकडे आणि शिकवणे दुसरीकडे अशी फारकत झाली की दोन्ही वाया जातात, हे केंटकीच्या वह्यांनी शिकवले होतेच.

परंतु कायदा आणि उपक्रम शाळेच्या दारापर्यंत येतात. दाराच्या आत एक शिक्षिका, आठ-दहा मुले आणि नोंदींची वही असते. त्या वहीकडे कोणी पाहते असे तिला कळले पाहिजे. गावात अशी शाळा असेल तर आपण तेथे सणावारी खाऊ घेऊन जातो. ते चांगलेच आहे. मुलांना खाऊ आवडतो. पण पुढच्या खेपेला खाऊ दिल्यावर थोडे थांबून त्या बाईंना एवढे विचारावे की, या मुलाने यंदा नवीन काय शिकले, आणि ते आपणास कसे समजले? आणि आपल्या आळीतील त्या एका घरीही, निकालाच्या दिवसांत, हाच प्रश्न संकोच सोडून विचारावा. उत्तर द्यावयास त्या आईला थोडा वेळ लागेल, कारण हे तिला आजवर कोणी विचारलेले नाही. तिला तेवढा वेळ द्यावा.